एक खोरे, एक आराखडा : गगनबावड्याच्या रस्त्यांची सामाईक आखणी

कोल्हापूर शहरातून पश्चिमेस निघालेला रस्ता करवीर, पन्हाळा व गगनबावडा या तीन तालुक्यांतून सुमारे ५५ किलोमीटर अंतर कापून सह्याद्रीच्या माथ्यावर पोहोचतो. माथ्यावर गगनबावडा हे तालुक्याचे गाव आहे. येथे रस्त्यास दोन फाटे फुटतात. एक करूळ घाटाने वैभववाडीकडे उतरतो व पुढे तळेरे येथे मुंबई-गोवा महामार्गास मिळतो. दुसरा भुईबावडा घाटाने खाली जाऊन खारेपाटणची दिशा धरतो. देश आणि कोकण यांची गाठ ज्या थोड्या ठिकाणी पडते, त्यांपैकी हे एक होय.

कोल्हापूर शहरात वर्षाकाठी सुमारे १,००० मिलिमीटर पाऊस पडतो. गगनबावड्यास ५,००० मिलिमीटरहून अधिक. एकाच रस्त्याच्या दोन टोकांस पावसाचे मान असे पाचपटीने भिन्न आहे. तालुक्याची लोकसंख्या जिल्ह्यातील इतर तालुक्यांच्या मानाने फार थोडी. भात, नाचणी व ऊस ही येथील मुख्य पिके आणि जोडीला दुभती जनावरे. विकावयाचा माल, दवाखान्यात न्यावयाचा रोगी आणि महाविद्यालयात जाणारा विद्यार्थी या तिघांचीही वाट बहुधा हीच असते. कुंभी नदीस मोठा पूर आला म्हणजे मांडुकली, खोकुर्ले आणि पन्हाळा तालुक्यातील लोंघे येथे या रस्त्यावर पाणी चढते व माथ्यावरील गावांचा जिल्ह्याच्या ठिकाणाशी असलेला संबंध तुटतो.

अशा भागात रस्ता कोणी बांधावा हा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. तो कोणी कोणाबरोबर बसून आखावा, हा प्रश्न मात्र मागे पडतो. वस्तुतः तो आधीचा आहे. रस्ता खोऱ्याच्या उताराने जातो. कारभार तालुक्याच्या व जिल्ह्याच्या सीमेने चालतो. या दोहोंचा मेळ घातल्यावाचून खर्च केलेला पैसा शेतकऱ्याच्या पूर्ण उपयोगी पडत नाही, हेच गगनबावड्याच्या उदाहरणावरून दिसून येते.

जुनी वाट, जुन्या सीमा

घाटावरचे धान्य व गूळ खाली जावा आणि कोकणचे मीठ, नारळ व सुकी मासळी वर यावी, हा व्यवहार फार जुना आहे. खारेपाटण येथे सापडलेल्या शके ९३० म्हणजे इ. स. १००८ च्या शिलाहार ताम्रपटात परदेशाहून येणाऱ्या गलबतांवरील कराचा उल्लेख आहे. बंदरात उतरलेला माल लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून घाट चढत असे. गगनगडाच्या पायथ्याशी असलेले बावडा हे पुढे पंत अमात्यांच्या जहागिरीचे ठिकाण झाले. ‘आज्ञापत्र’ या राजनीतीवरील ग्रंथाचे कर्ते रामचंद्रपंत अमात्य हे याच घराण्याचे पुरुष होत.

ब्रिटिश अमदानीत बावडा जहागीर कोल्हापूर संस्थानात मोडत असे, तर घाटाखालील फार मोठा प्रदेश ब्रिटिश अंमलाखालील रत्नागिरी जिल्ह्यात होता. वाट एक, पण तिच्या दोन बाजूंस दोन राज्यकारभार. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि ही अडचण पुष्कळ कमी झाली. तथापि सीमा नाहीशी झाली नाही. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. आज घाटमाथा कोल्हापूर जिल्ह्यात म्हणजे पुणे महसुली विभागात, तर घाटाचा पायथा सिंधुदुर्ग जिल्ह्यात म्हणजे कोकण विभागात आहे. दरड कोसळली म्हणजे ती कोणत्या विभागात पडली हे पाहून कोसळत नाही. दोन्ही बाजूंची वाहने सारखीच अडकतात.

एका फेरीचे चार रस्ते

रस्त्यांची योजनाबद्ध आखणी आपल्या देशात १९४३ च्या डिसेंबरात नागपूर येथे भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेपासून सुरू झाली. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा रस्ते व ग्रामीण रस्ते असे वर्ग तेथे ठरले. शेतीत पुढारलेल्या भागातील कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर राहू नये, असे उद्दिष्ट ठेवण्यात आले. त्यानंतरच्या १९६१ ते १९८१ या वीस वर्षांच्या मुंबई योजनेत अशा भागातील गावापासून पक्का रस्ता चार मैलांच्या आत आणि कोणताही रस्ता दीड मैलाच्या आत असावा, असे ठरले. १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा कामास लागल्या आणि इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग यांचा भार त्यांच्याकडे आला. राज्यमार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याकडे राहिले.

ही विभागणी कारभाराच्या सोयीची आहे. परंतु शेतकऱ्याच्या एका फेरीत काय घडते ते पाहावे. उसाची ट्रॉली शेतातून निघते ती पाणंदीने. गावाजवळ ती ग्रामीण मार्गावर येते. तेथून इतर जिल्हा मार्गाने ती कोल्हापूर-गगनबावडा रस्त्यास लागते. हा रस्ता आता तळेरे-गगनबावडा-कोल्हापूर या १६६-जी क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गाचा भाग आहे. दहा-पंधरा किलोमीटरच्या फेरीत चार वर्गांचे रस्ते आणि त्यांचे धनीही एकाहून अधिक. महामार्ग रुंद झाला आणि पाणंदीवरची मोरी खचलेलीच राहिली, तर ट्रॉली शेतातच अडकते. पाणंद पक्की झाली आणि पुढचा साकव अरुंद राहिला, तरी फळ तेच. रस्त्यांची साखळी तिच्या सर्वांत दुबळ्या कडीएवढीच उपयोगी असते.

धामणीचे खोरे

या गोष्टीचे स्पष्ट उदाहरण धामणी नदीच्या खोऱ्यात पाहावयास मिळते. ही नदी पुढे कुंभीस मिळते. तिच्या काठची गावे राधानगरी, पन्हाळा व गगनबावडा अशा तीन तालुक्यांत वाटली गेली आहेत. म्हासुर्ली राधानगरी तालुक्यात, धुंदवडे गगनबावडा तालुक्यात, तर खालच्या अंगाची कळे ही बाजारपेठ पन्हाळा तालुक्यात. धुंदवड्याच्या शेतकऱ्यास दाखल्यासाठी गगनबावड्यास जावे लागते, आणि त्या बाजूस मध्ये डोंगराची रांग आहे. माल विकण्यास व औषध आणण्यास मात्र तो खोऱ्याच्या उताराने कळ्याकडे येतो.

तीन पंचायत समित्यांनी आपापल्या तालुक्यापुरते आराखडे केले, तर प्रत्येक समिती आपल्या ठिकाणाकडे जाणाऱ्या रस्त्यास अग्रक्रम देणार हे उघड आहे. खोऱ्याच्या लांबीने जाणारा, तिन्ही तालुक्यांच्या गावांना उपयोगी पडणारा रस्ता मग कोणाच्याच यादीत वरच्या क्रमांकावर येत नाही. तिन्ही तालुक्यांच्या शिवेवर त्याचे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकडा ‘थोड्या वाहतुकीचा’ ठरतो. तीच वाहतूक एका कागदावर एकत्र मांडली म्हणजे रस्त्याची खरी गरज दिसू लागते. येथे तिन्ही तालुके एकाच जिल्हा परिषदेच्या कक्षेत असल्याने हे काम कठीण नाही. गावांनी मागणी एकत्र केली पाहिजे, एवढेच.

पावसाळ्याची कसोटी

घाटमाथ्यावरील रस्त्याची परीक्षा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये व २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या खोऱ्यात आलेले महापूर जिल्ह्यातील सर्वांच्या स्मरणात आहेत. अशा वेळी पाण्याखाली जाणारा रस्ता उचलून घ्यावा ही मागणी स्वाभाविक होय. परंतु पूर पसरण्याच्या जागेत आडवा घातलेला मातीचा भराव हा बांधाचे काम करतो. त्यात पाणी जाण्यास पुरेशा मोऱ्या व कमानी ठेवल्या नाहीत, तर वरच्या अंगास पाणी तुंबते आणि तेथील भात व ऊस अधिक दिवस बुडून राहतो. एका गावाचा रस्ता कोरडा करण्यासाठी दुसऱ्या गावाचे शेत बुडविणे हा उपाय नव्हे. भरावाची उंची, मोऱ्यांची संख्या व रुंदी आणि पुलाची जागा ही वरच्या व खालच्या दोन्ही गावांसमक्ष ठरली पाहिजेत.

त्यासाठी अभियंत्यास जी माहिती लागते, तिच्यापैकी बरीच गावाजवळच असते. आजवरच्या मोठ्या पुरात पाणी कोठपर्यंत आले, किती तास चढत होते व किती दिवस टिकले, हे काठच्या शेतकऱ्याइतके कोणास ठाऊक? ही माहिती तोंडी राहू देऊ नये. देवळाच्या ओट्यावर, शाळेच्या भिंतीवर किंवा पुलाच्या खांबावर पाण्याची खूण तारखेसह रंगवून ठेवावी. एका गावाची खूण एका गावापुरतीच राहते. दहा गावांच्या खुणा एकत्र आल्या की, खोऱ्याची पूररेषा मिळते.

डोंगरउताराच्या रस्त्याचा दुसरा शत्रू म्हणजे त्याच्याच अंगावरून वाहणारे पाणी. वरच्या शेतातील पाणी रस्त्यावर सोडले, किंवा शेतात गाडी नेण्यासाठी बाजूचे गटार मातीने बुजविले, म्हणजे पहिल्या दोन पावसांतच डांबर उखडते. गटारावरून वाट हवी असेल तर तळाशी नळ घालून वर भराव करावा. पावसाळ्यापूर्वी मोऱ्यांतील गाळ व पालापाचोळा काढावा. ढासळणाऱ्या कडेस वाळ्यासारखे खोल मुळांचे गवत लावावे. ही कामे हलकी दिसतात. परंतु ती रस्त्याच्या सबंध लांबीवर एकाच वेळी व्हावी लागतात. मधल्या एका गावाने ती टाळली, तर त्या गावाचे पाणी खालच्या गावाचा रस्ता वाहून नेते.

पाणी चढल्यानंतरची व्यवस्थाही आधीच ठरवून ठेवावी. मांडुकलीजवळ रस्ता बंद झाला की, माथ्यावरील रोग्यास पूर्वेकडे नेता येत नाही. घाट सुरू असेल तर वैभववाडी व कणकवलीची बाजू मात्र मोकळी असते. ही गोष्ट आरोग्य केंद्रास, १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेस व गावच्या आशा कार्यकर्तीस वेळेवर कळली पाहिजे. घाटात दरड आल्याची बातमी खालच्या जिल्ह्याकडून वर आणि नदीवर पाणी आल्याची बातमी वरून खाली पोहोचण्याची सोय हवी. बाळंतपणाची तारीख जवळ आलेल्या स्त्रीस पाणी चढण्यापूर्वीच सोयीच्या बाजूस हलविता येते. पाणी चढल्यावर मात्र धावपळीचा उपयोग होत नाही.

दोन घाट, एक वेळापत्रक

२०२४ च्या जानेवारीत रुंदीकरणासाठी करूळ घाट वाहतुकीस बंद करण्यात आला आणि तो सुमारे वर्षभर बंद राहिला. या काळात वाहनांना भुईबावडा व फोंडा या घाटांनी फिरून जावे लागले. काम आवश्यक होते यात वाद नाही. त्यातून मिळणारा धडा मात्र ध्यानात ठेवण्याजोगा आहे. करूळ, भुईबावडा व फोंडा हे तीन घाट कागदावर तीन वेगळे रस्ते असले, तरी लोकांच्या दृष्टीने तो एकच संच होय. एक बंद झाला म्हणजे त्याचा भार दुसऱ्यावर पडतो. म्हणून एका घाटाचे मोठे काम काढण्यापूर्वी दुसऱ्याची मोरी, कठडे व वळणे दुरुस्त झालेली असली पाहिजेत. दोन घाटांची कामे एकाच हंगामात निघू नयेत, ही दक्षताही घ्यावी लागते. हे ठरविण्यासाठी दोन्ही जिल्ह्यांच्या बांधकाम विभागांचे, एस.टी.चे व पोलिसांचे सामाईक वेळापत्रक असणे अगत्याचे आहे.

भारतीय राज्यघटनेच्या २४३-झेडडी या अनुच्छेदाने प्रत्येक जिल्ह्यास जिल्हा नियोजन समिती दिली असून पंचायती व नगरपालिका यांच्या सामाईक हिताच्या बाबींचा व पायाभूत सोयींच्या एकात्मिक विकासाचा विचार तिने करावा असे सांगितले आहे. महाराष्ट्रात त्यासाठी १९९८ चा अधिनियम आहे. परंतु समितीची कक्षा जिल्ह्याच्या सीमेवर संपते. घाट मात्र तेथे संपत नाही. यासाठी गगनबावडा व वैभववाडी या दोन पंचायत समित्यांनी पावसाळ्यापूर्वी एकदा व पावसाळ्यानंतर एकदा एकत्र बैठक घ्यावी आणि तिचा वृत्तांत दोन्ही जिल्ह्यांकडे पाठवावा. अशा बैठकीस नवा कायदा लागत नाही. कोल्हापूर-वैभववाडी हा सुमारे १०७ किलोमीटरचा रेल्वेमार्ग २०१६-१७ च्या रेल्वे अर्थसंकल्पात मंजूर झाला. कोणताही लोहमार्ग असो, स्थानकास येऊन मिळणारे रस्ते नीट नसतील तर आसपासच्या शेतकऱ्यास त्याचा लाभ थोडाच. तेव्हा अशा सामाईक विचाराची सवय आताच लागलेली बरी.

दुधाची गाडी व मुक्कामाची एस.टी.

सामाईक आखणी म्हणजे काही नवलाची गोष्ट नव्हे. जिल्ह्यातील शेतकरी ती दररोज दोन वेळा पाहतो. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची, म्हणजे ‘गोकुळ’ची, दूध गोळा करण्याची पद्धत पाहावी. गावची प्राथमिक संस्था दूध घेते. गाडी ठरल्या वेळी येते. दूध नासण्यापूर्वी शीतकरण केंद्रात पोहोचले पाहिजे, या एका अटीवर मार्ग आखला जातो. वाटेत कोणता तालुका लागतो याला महत्त्व नसते. एका गावाने अर्धा तास उशीर केला तर त्याचा त्रास पुढील सर्व गावांना होतो, हे प्रत्येक संस्थेच्या सचिवास ठाऊक असल्याने वेळ पाळली जाते. कुडित्रे येथील कुंभी-कासारी सहकारी साखर कारखान्याने तर आपल्या नावातच दोन नद्या घेतल्या आहेत. दूध व ऊस यांनी जे साधले, ते रस्ता व प्रवासी वाहतूक यांस असाध्य असू नये.

१ जून १९४८ रोजी पुणे ते तेव्हाचे अहमदनगर या मार्गावर एस.टी.ची पहिली गाडी धावली. आज गगनबावडा येथे राज्य परिवहन महामंडळाचे आगार आहे. एखाद्या मार्गावर गाडी चालू ठेवताना महामंडळ भारमान पाहते, म्हणजे गाडीतील जागांच्या मानाने उतारू किती मिळतात ते तपासते. पाच गावांनी पाच वेगवेगळे अर्ज करून सकाळी सात वाजता पाच गाड्या मागितल्या, तर एकाही गाडीचे भारमान भरत नाही आणि पाचही अर्ज फाइलीत राहतात. त्याच पाच गावांनी एकत्र बसून शाळेची वेळ, बाजाराचा वार व दवाखान्याची वेळ जुळविली आणि सर्वांना वळसा घालणारी एक गाडी मागितली, तर ती मिळण्याचा संभव पुष्कळ अधिक असतो. मुक्कामाच्या गाडीचेही तसेच आहे. ती कोणत्या गावी मुक्कामास राहावी यावर गावागावांत चुरस होते. वस्तुतः सकाळी निघताना ती किती मुलांना शाळेच्या वेळेवर पोहोचविते, हा विचार आधी व्हावयास हवा. चालक-वाहकांच्या निवाऱ्याची व गाडी वळविण्याच्या जागेची सोय ज्या गावी होईल ते गाव मुक्कामास योग्य. मार्च २०२३ पासून महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत मिळू लागली आहे. तिचा लाभ मात्र गाडी येत असेल तरच घेता येतो.

वाड्यांची बेरीज

डोंगरावरील वाड्या व धनगरवाडे यांचा प्रश्न निराळा आहे. २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत सपाटीवरील ५०० व त्याहून अधिक लोकसंख्येच्या वस्त्यांना बारमाही रस्त्याने जोडावयाचे ठरले. डोंगरी राज्ये, वाळवंटी व आदिवासी प्रदेश यांसाठी ही मर्यादा २५० ठेवण्यात आली. लहान वाडीची माणसे मोजली तर ती या मर्यादेत बसत नाही. परंतु याच योजनेच्या नियमांत ५०० मीटर परिघातील वस्त्यांची, तसेच डोंगराळ मुलखात पायवाटेने दीड किलोमीटरच्या आतील वस्त्यांची लोकसंख्या एकत्र धरण्याची तरतूद आहे. याचा अर्थ असा की, शेजारच्या वाड्यांनी आपली बेरीज मांडली पाहिजे. वेगवेगळ्या ग्रामपंचायतींत असलेल्या दोन वाड्या एकमेकींकडे पाठ करून बसल्या, तर दोन्ही अपात्र ठरण्याचा धोका असतो. २०१९ पासूनच्या तिसऱ्या टप्प्यात बाजारपेठा, उच्च माध्यमिक शाळा व रुग्णालये यांकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या सुधारणेवर भर देण्यात आला, आणि २०२४ मध्ये मंजूर झालेल्या चौथ्या टप्प्यात २०११ च्या जनगणनेची लोकसंख्या धरली जाते. या अटी वाचून मागणीपत्र लिहावे. केवळ ‘रस्ता द्यावा’ एवढ्याने काम होत नाही.

वाटेत वनजमीन येत असेल तर निराश होण्याचे कारण नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) नुसार शासकीय रस्त्यासारख्या सोयींसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वळविता येते. हेक्टरी ७५ हून अधिक झाडे तोडावी लागू नयेत आणि ग्रामसभेची शिफारस असावी, अशा त्यास अटी आहेत. शेवटच्या टप्प्याची, म्हणजे शेतापर्यंतच्या वाटेची अडचण असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १४३ अन्वये बांधावरून वाट मिळण्यासाठी तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. चालत आलेली वाट कोणी अडविली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ चा आधार आहे. तथापि भाऊबंदांनी समोरासमोर बसून सोडविलेला बांध हा निकालाने मिळालेल्या वाटेपेक्षा अधिक टिकतो. २०२१ पासून राबविण्यात येत असलेल्या मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजनेत काम मंजूर होण्याआधी वाटेची जागा मोकळी झालेली असणे हिताचे ठरते.

मोजणी कशी करावी

रहदारीची मोजणी हा सर्व आखणीचा पाया होय. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९३५ मध्येच मुंबई इलाख्यातील सहा जिल्ह्यांच्या मोटार वाहतुकीची पाहणी प्रसिद्ध केली होती. इंडियन रोड्स काँग्रेसने ग्रामीण भागातील रस्त्यांसाठी घालून दिलेल्या पद्धतीनुसार मोजणी वर्षातून निदान दोन वेळा, प्रत्येक वेळी सलग सात दिवस व अहोरात्र करावयाची असते. एक सुगीच्या व माल बाजारात जाण्याच्या दिवसांत, दुसरी मंदीच्या दिवसांत. सर्व वाहने सारखी धरली जात नाहीत. मोटारगाडी एक धरली तर मोटारसायकल अर्धी, बस किंवा ट्रक तीन, ट्रॉलीसह ट्रॅक्टर साडेचार आणि मोठी बैलगाडी आठ धरली जाते. मंदगतीचे वाहन रस्ता अधिक वेळ अडविते, हे यामागील कारण. उसाच्या हंगामातील ट्रॅक्टर व बैलगाड्या मोजल्याच नाहीत, तर ग्रामीण रस्त्याची गरज कागदावर किती लहान दिसेल याची यावरून कल्पना येईल.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील कामे हाती घ्यावीत :

(१) आपल्या खोऱ्यातील सर्व गावांचा एक नकाशा करावा. त्यात तालुक्याच्या सीमा बारीक रेषेने व नद्या, रस्ते, पाणंदी, साकव आणि वाड्या ठळक दाखवाव्यात.

(२) त्यावर शाळा, आरोग्य केंद्र, बाजार, दूध संस्था व शीतकरण केंद्र यांच्या जागा मांडून लोक प्रत्यक्षात कोणत्या बाजूस जातात ते बाणांनी दाखवावे.

(३) दरवर्षी पाण्याखाली जाणाऱ्या व दरड येणाऱ्या जागांवर खूण करून तेथे वाहतूक किती दिवस बंद राहते ते लिहावे.

(४) गळीत हंगामात व पावसाळ्यात अशा दोन वेळा, शेजारच्या गावांबरोबर एकाच आठवड्यात, रहदारी मोजावी. महाविद्यालयीन मुलांची या कामी चांगली मदत होते.

(५) कामांचा अग्रक्रम सर्व ग्रामसभांनी एकाच शब्दांत ठराव करून ठरवावा व तो ग्रामपंचायत विकास आराखड्यात घालावा. दहा गावांचे दहा निरनिराळे ठराव दुबळे असतात. दहा गावांचा एक ठराव वजनदार ठरतो.

(६) पहिला क्रमांक कोणत्या कामास द्यावा याचे माप आधीच ठरवावे. ज्या कामाने अधिकांत अधिक माणसांचे, अधिकांत अधिक दिवसांचे अडकणे टळते ते काम पहिले.

यांतील सहावी गोष्ट सर्वांत कठीण आहे. आपल्या गावचा रस्ता मागे ठेवून शेजारच्या गावचा साकव पुढे घ्यावयास मन सहजी तयार होत नाही. पुढाऱ्यालाही गावास तोंड द्यावयाचे असते. अशा वेळी नकाशा व मोजणीची वही उघडून दाखवावी. खालच्या गावचा साकव पडलेला असताना वरच्या गावचे डांबर कोठेच पोहोचत नाही, हे शेतकऱ्यास समजावून सांगावे लागत नाही. एकदा नकाशावर बोट फिरविले की ते त्यास आपोआप दिसते. भाताची लावणी करताना तो पाण्याची पाळी शेजाऱ्याबरोबर ठरवितोच. वरच्याने पाणी अडविले तर खालचे रोप वाळते, हे ज्ञान त्याच्याजवळ पिढ्यान्पिढ्यांचे आहे. रस्त्याच्या बाबतीत तेच वापरावयाचे आहे.

मृग नक्षत्र निघण्यापूर्वी दरवर्षी एक दिवस असा असावा की, ज्या दिवशी मांडुकली व लोंघे, धुंदवडे व म्हासुर्ली, गगनबावडा व वैभववाडी येथील माणसे एका नकाशाभोवती बसतील. त्या दिवशी फार मोठे निर्णय झाले नाहीत तरी चालेल. कोणत्या मोऱ्या साफ करावयाच्या, पाण्याच्या कोणत्या बाजूस रुग्णवाहिका उभी ठेवावयाची, घाट बंद झाल्याचा निरोप कोणी कोणास द्यावयाचा, एवढे ठरले तरी त्या पावसाळ्यात एखाद्या घरचे दूध नासणार नाही, एखाद्या मुलाची परीक्षा चुकणार नाही आणि एखाद्या मातेस वेळेवर दवाखाना मिळेल. पुढील वर्षीची मागणीही त्याच बैठकीतून तयार होईल.